डिलीट म्हणजे काय रे भाऊ?

शनिवारची रात्र, पावणेएक वाजलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला एका बिल्डरची प्रेस कॉन्फरन्स कव्हर करायची होती आणि माझा व्हॉइस रेकॉर्डर सांगत होता, कार्ड फुल. अर्धवट झोपेत माणूस जे करतो तेच मी केलं. 'डिलीट ऑल?' यस. 'आर यू शुअर?' यस रे बाबा, यस! आणि आडवी झाले.

रविवारी कॉन्फरन्स झाली. बावीस मिनिटं रेकॉर्डिंग, तीन प्रकारचे सामोसे, एक चकचकीत ब्रोशर. संध्याकाळी घरी चहाचा कप हातात घेतला आणि एकदम पोटात गोळा आला. आजी!

माझी आजी माजिवड्याची. म्हणजे फ्लायओव्हर, मॉल, मेट्रोचे खांब यांच्या आधीच्या माजिवड्याची, जेव्हा इथे भातशेती होती. गेल्या उन्हाळ्यात मी तिला तीनदा समोर बसवून बोलतं केलं होतं. त्यासाठी हे कार्ड नवीन घेतलं होतं, त्यामुळे कार्डावरच्या पहिल्या तीन फाईली तिच्या. ५१ मिनिटं, ४० मिनिटं आणि ३३ मिनिटं. कॉपी करून ठेवू, ठेवू म्हणता म्हणता श्रावणात आजी गेली. कॉपी राहिलीच.

रात्रभर टेन्शन. सोमवारी सकाळी कार्ड मुठीत घट्ट धरून नाक्याजवळच्या गल्लीतल्या डेटा रिकव्हरीवाल्या दादांकडे गेले. इतकं छोटं दुकान की दोन माणसं आत गेली तर तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. माझी रडकथा त्यांनी शांतपणे ऐकली आणि एकच प्रश्न विचारला.

"डिलीटनंतर कार्डावर काही रेकॉर्ड केलंत का, ताई?"

"बावीस मिनिटं."

"मग बावीस मिनिटांपुरतं गेलं असं समजा. बाकीचं आहे जागेवर."

जागेवर आहे? मी तर डिलीट केलं होतं ना! दादांनी कटिंग मागवला आणि जो फंडा सांगितला, तो मी मास कॉमच्या दोन वर्षांत ऐकला नव्हता. तुम्हीही रोज ऑफिसात शंभर फाईली उघडता-मिटता, पण फाईलचं नाव म्हणजे फाईल नव्हे, हे तुम्हाला कोणी सांगितलंय? मला तरी नव्हतं.

कार्ड किंवा डिस्क म्हणजे सारख्या मापाच्या लाखो खोल्या. तुमची फाईल त्यातल्या हजारो खोल्यांत पसरून बसते. नाव असतं ते वेगळ्याच ठिकाणी, एका यादीत. माझ्या कार्डावर फॅट नावाची जुनी सिस्टिम होती. जुनी म्हणजे किती? १९७७ च्या सुमाराची, तिच्या पुढच्या आवृत्त्या पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांवर आजही मुक्कामाला आहेत. हिच्या यादीत प्रत्येक ओळीवर फाईलचं नाव, साइज आणि पहिल्या खोलीचा नंबर. पुढची खोली कुठली, ते दुसऱ्या एका तक्त्यात. या खोलीनंतर ती, तिच्यानंतर पलीकडची, अशी साखळी.

आता गंमत बघा. आपण डिलीट दाबतो तेव्हा कॉम्प्युटर खोल्यांकडे फिरकतसुद्धा नाही. यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर काढून तिथे एक ठरलेली खूण टाकतो, तक्त्यातली साखळी पुसतो आणि खोल्या रिकाम्या म्हणून जाहीर करतो. आतलं सामान जसंच्या तसं. सोसायटीच्या बोर्डावरून नाव खोडलं, पण फ्लॅटमध्ये पंखा फिरतोय, कुकरची शिट्टी वाजतेय! नवीन भाडेकरू येईपर्यंत सगळं शाबूत असतं. माझ्या बाबतीत नवीन भाडेकरू दुसऱ्याच दिवशी आला होता, तोही बिल्डर.

दादा म्हणाले, "हे फॅट तर काहीच नाही. युनिक्समध्ये नावाचा आणि फाईलचा संबंध आणखी कमी."

घरी येऊन वाचत बसले. (एरवी मॅन्युअल बघून मला झोप येते.) १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं. त्यात प्रत्येक फाईलला एक नंबर आणि त्या नंबराचं एक कार्ड, त्याला म्हणतात आयनोड. साइज किती, मालक कोण, कोणाला उघडायची परवानगी, शेवटचा बदल कधी, सामान कुठल्या खोल्यांत, सगळं या कार्डावर. फक्त एक गोष्ट नाही. नाव! ते फोल्डरमध्ये. फोल्डर म्हणजे तरी काय, डावीकडे नाव आणि उजवीकडे नंबर अशी साधी यादी. त्यामुळे एकाच फाईलला दोन-दोन नावंही चालतात. एक पुसलं तर फाईल दुसऱ्या नावावर जगते. शेवटचं नाव जातं आणि फाईल उघडून बसलेलंही कोणी उरत नाही, तेव्हाच खोल्या मोकळ्या होतात. आयनोडमधला 'आय' कशाचा, हे पुढे रिचींनाही खात्रीने आठवत नव्हतं. बहुतेक इंडेक्सचा असावा, असा त्यांचा अंदाज.

इंडेक्स! घोडबंदर रोडला फ्लॅट घेतलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याच्या कपाटात 'इंडेक्स टू' असतो. तो काढून बघा. बिल्डिंगचं नाव एखादं इटालियन गाव असेल किंवा इंग्लिश राजवाडा, खाली मात्र लिहिलेलं असतं, मौजे माजिवडे, सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक. सरकारी दफ्तरात जमीन या नंबरानेच सापडते. सातबारा हा जमिनीचा आयनोडच म्हणा ना. क्षेत्र किती, धारक कोण, बोजा कोणाचा, सगळं आहे. ब्रोशरवरचं नाव? ते फाईलचं नाव, हवं तेव्हा बदला. गावाच्या नावाचंच बघा. बसच्या पाटीवर माजिवडा, दुकानाच्या पाटीवर माजिवाडा, अॅग्रीमेंटमध्ये माजिवडे. कॉम्प्युटरच्या दृष्टीने या तीन वेगळ्या फाईली झाल्या असत्या! इथून जवळच कॅडबरी जंक्शन. कॅडबरी इंडिया कंपनीचं नाव २०१४ मध्ये माँडेलीझ झालं. रिक्षात बसून 'माँडेलीझ जंक्शन' सांगून बघा, उतरवून देईल.

नावांच्या या घोळावर नंबराचा उतारा देशपातळीवर काढला तो एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर, पोस्ट खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं ढिगाने, पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत, अक्षर डॉक्टरचं. मग १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड आला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन तुमचं पोस्ट ऑफिस. कॉम्प्युटरही फाईल शोधताना असाच एकेक पायरी उतरतो. लिनक्सच्या एक्स्ट घराण्यात सगळ्यात वरच्या फोल्डरचा नंबर ठरलेला, २. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये तोच ५. तिथली यादी वाचायची, पुढच्या फोल्डरचा नंबर घ्यायचा, त्याची यादी वाचायची, असं करत करत तुमच्या 'फायनल_फायनल_खरंच फायनल' प्रेझेंटेशनपर्यंत पोहोचायचं.

हे कळलं की ऑफिसातली बरीच कोडी सुटतात. दहा जीबीचा सिनेमा एका फोल्डरमधून दुसऱ्यात कट-पेस्ट केला तर क्षणात होतो, कारण फक्त यादीतली ओळ हलते. तोच पेन ड्राइव्हवर टाकायचा तर चहा पिऊन येता येतं, कारण आता खरोखर सामान उचलायचंय. आणि घाबरवणारी गोष्ट म्हणजे, जुनी हार्ड डिस्क क्विक फॉरमॅट मारून विकलीत तर तुमच्या सॅलरी स्लिपा आणि गोव्याचे फोटो आतच राहिलेले असू शकतात. घेणाऱ्याला फक्त आमच्या दादांसारखा कोणी भेटायला हवा. विकण्याआधी डिस्क पूर्ण ओव्हरराइट करा. नव्या लॅपटॉपच्या एसएसडीत गणित बहुतेक उलटं असतं. डिलीट झालं की सिस्टिम त्या खोल्यांचे नंबर ड्राइव्हला कळवते आणि ड्राइव्ह सवडीने खोल्या खरंच झाडून काढतो. तिथे चुकून पुसलेलं परत मिळेल या भरवशावर राहू नका. हल्लीच्या फोनमध्ये सगळं कुलूपबंद असतं आणि फॅक्टरी रीसेट म्हणजे किल्लीच फेकून देणं. तेव्हा बॅकअप, बॅकअप, बॅकअप. हे मी सांगतेय, म्हणजे बघा!

गुरुवारी दादांचा फोन आला.

४० आणि ३३ मिनिटांच्या दोन्ही फाईली अख्ख्या मिळाल्या. नावांची पहिली अक्षरं तेवढी गळली होती. नव्या कार्डावर सलग रेकॉर्ड केल्यामुळे खोल्या एकापुढे एक लागलेल्या, साखळी जुळवायला त्रास पडला नाही. पहिली, ५१ मिनिटांची, मात्र नावासकट गेली होती. यादीतली तिची ओळही बिल्डरने घेतली आणि पहिल्या खोल्याही. रेकॉर्डिंग वेव्ह फॉरमॅटमध्ये होतं, म्हणजे आवाज कसलीही घडी न घालता जसाच्या तसा ठेवलेला, म्हणून उरलेल्या खोल्या उचलून दादांनी एकापुढे एक लावल्या. २९ मिनिटं मिळाली.

त्या पहिल्या दिवशी आजीने शेतांची नावं सांगितली होती. आमच्या घरात कोणालाच आता सर्व्हे नंबरापलीकडे काही माहीत नाही, नंबर काय, ऑनलाइन सापडतात. आजी मात्र प्रत्येक तुकड्याला नावाने ओळखायची. कोणाची बैलजोडी कुठे अडकली, कोणत्या बांधावर भांडण झालं, सगळं त्या नावांसकट. मी तेव्हा लिहून घेतलं नाही. रेकॉर्डरवर आहे की!

दुकानात उभ्या उभ्याच मी इअरफोन लावला. बाहेर सिग्नलला हॉर्न वाजत होते. आवाज सुरू झाला तो वाक्याच्या मधूनच.

"...च्या खालच्या अंगाला चिंचेचं, मग आडवं, मग ते पाणी साठायचं ते. किती झाली गं?"

आणि माझाच आवाज, "नऊ झाली, आजी."

त्यांतली पहिली सहा कुठली, ते मी आता मोठ्या काकांना विचारणार आहे. या रविवारी. रेकॉर्डर नेणारच आहे, पण वही-पेनही घेतलंय.