उपजत गुण आपोआप वर येत नाही

बारामतीत लता करे यांचे नाव निघाले की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘अंगात असेल तर ते कुठेही दिसतेच.’ दहा-बारा वर्षांपूर्वी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. बुलढाणा जिल्ह्यातून पोटासाठी बारामतीजवळच्या पिंपळीत येऊन राहिलेले हे मोलमजुरीचे कुटुंब. पती आजारी आणि तपासण्यांना पैसा नाही, म्हणून त्या बक्षिसासाठी धावल्या. पुढे त्यांच्या आयुष्यावर ‘लता भगवान करे’ हा चित्रपट आला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि 67व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला.

लताबाईंबद्दल मला नितांत आदर आहे. देवाने दिलेल्या देणगीचे एखाद्याने सोने करावे म्हणजे काय, ते त्यांनी दाखवले. माझे भांडण आहे ते त्यांच्या धावण्यातून आपण जे तीन धडे काढतो त्यांच्याशी. गुण लपून राहत नाही, हा पहिला. गरिबीच माणसाला पळवते, हा दुसरा. आणि गुणबिण काही नसते, जिद्द असली की झाले, हा तिसरा. तिन्ही धडे खोटे आहेत, आणि तिन्ही आपल्याला आळशी बनवतात.

पहिला धडा घ्या. गुण लपून राहत नसेल, तर लताबाईंचा साठ वर्षे कुठे होता? ज्या पायांनी त्या पहिल्या आल्या, ते पाय पंधराव्या वर्षीही त्यांचेच होते. तेव्हा ते कोणी पाहिले नाहीत. घरातले आजारपण, मजुरीवर चाललेला संसार आणि बक्षिसाची जाहिरात असा योग जुळला नसता, तर आजही ते कोणाला कळले नसते. एका बाईचा गुण उतारवयात, तोही नाइलाजाने बाहेर आला, याचा अर्थ असा की तिच्यासारख्या कितीतरी जणींचा आलाच नाही.

असे पाय विरळा असतात म्हणावे, तर आषाढी वारीत बेलवाडीला किंवा इंदापूरला उभे राहून पाहावे. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीमार्गे पुढे निघते आणि बेलवाडी व इंदापूरला गोल रिंगण होते. पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात. एक हात वृंदावनाला, दुसऱ्या हाताने निऱ्या वर धरलेल्या, पायाखाली चिखल. त्यांतल्या कितीतरी पन्नाशी-साठीच्या असतात आणि देहूपासून शंभरावर किलोमीटर चालून आलेल्या असतात. तरी मान ताठ, पाऊल हलके आणि तुळस जागची हलत नाही. ती धाव विठ्ठलाची आहे, तिला घड्याळ लावा असे मी म्हणणार नाही. पण नऊवारीत धावणारी बाई पाहून मॅरेथॉनला तोंडात बोट घालणाऱ्यांनी दर आषाढात काय पाहिले, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे धावणाऱ्या बायकांची वानवा कधीच नव्हती, वानवा आहे ती त्यांच्याकडे खेळाडू म्हणून बघण्याची.

दुसरा धडा अधिक घातक, कारण तो ऐकायला गोड लागतो. ‘सुखसोयी दिल्या की पोरे नाजूक होतात, भुकेल्या पोटीच माणूस पळतो.’ याला आधार म्हणून धावपटू अविनाश साबळेचे नाव घेतात. आष्टी तालुक्यातले मांडवा गाव, वीटभट्टीवर राबणारे आईवडील, शाळेला रोजची काही किलोमीटरची पायपीट, हे सगळे खरे आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. अविनाश बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला आणि 2015 पासून लष्कराच्या क्रॉसकंट्रीतून धावू लागला. तिथे त्याला खुराक मिळाला, बूट मिळाले, अमरीश कुमारांसारखा प्रशिक्षक मिळाला. 2018मध्ये भुवनेश्वरला त्याने 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटे 29.80 सेकंदांत पूर्ण केली आणि गोपाळ सैनींचा 1981पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8:11.20 वेळ देऊन रौप्य घेतले, सुवर्ण हुकले ते 0.05 सेकंदाने. जुलै 2024मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो 8:09.91वर आला. सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद कमी झाले. ते वीटभट्टीने कमी केले नाहीत. भुकेने माणूस मोठा होत असता, तर आपल्या दुष्काळी तालुक्यांतून दरवर्षी डझनभर साबळे निघाले असते.

खाशाबा जाधवांचेही तेच. 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधले त्यांचे कुस्तीतले कांस्य आपण शाळेत पाठ करतो. पण त्या प्रवासासाठी त्यांच्या गोळेश्वर गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7000 रुपये दिले, हा भाग घाईघाईने उरकतो. खाशाबांची ताकद गोळेश्वरच्या मातीतली आणि त्यांची स्वतःची होती. पण ती हेलसिंकीला पोचली ती कोणीतरी घर पणाला लावले म्हणून.

तिसरा धडा देणारे स्वतःला पुरोगामी समजतात. उपजत वगैरे काही नसते, सगळे मेहनतीचे खेळ आहेत, असे ते म्हणतात. कोणत्याही तालमीत जाऊन बघा. दोन पोरे, एकच वस्ताद, सारख्या जोरबैठका, सारखी थंडाई. दोन वर्षांनी एकाची पकड सुटत नाही आणि दुसऱ्याला पट काढता येत नाही. दुसऱ्याने कमी घाम गाळला असे म्हणणे अन्यायाचे आहे. शरीरे वेगळी असतात, दम वेगळा असतो, तोल वेगळा असतो. हे नाकारले की हरणाऱ्या प्रत्येक पोराच्या माथी आळशीपणाचा शिक्का बसतो आणि जिंकणाऱ्याचा गुण ओळखून त्याला योग्य खेळात घालण्याचे कामही उरत नाही. उसाच्या या मुलखात हे पटायला जड जाऊ नये : बेणे जातिवंत लागते आणि पाण्याच्या पाळ्याही वेळेवर लागतात. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

मग खरे काय? खरे हे की गुण जन्माने मिळतो, पण तो हेरावा लागतो, आणि हेरणारी व्यवस्था आपल्याच मातीत आहे. गावच्या जत्रेतला आखाडा आठवा. हलगी कडाडत असते आणि दुपारी लहानग्यांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. लंगोट सावरत आठ-नऊ वर्षांची पोरे मातीत उतरतात. कडेला बसलेला वस्ताद कोण जिंकले तेवढेच बघत नाही. पोरगे पाय कसे रोवते, खाली आले तरी पाठ कशी वाचवते, मान कशी आहे, ते बघतो. कधीकधी हरलेल्याच पोराच्या बापाला बाजूला घेऊन म्हणतो, ‘याला माझ्याकडे पाठव.’ महाराष्ट्रात पैलवान पिकतात ते याच नजरेमुळे. ती नजर मुलींना, धावणाऱ्यांना, उडी मारणाऱ्यांना क्वचितच मिळाली.

जिथे मिळाली, तिथे फळ दिसले. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. 2009मध्ये वडिलांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले, नेमबाजी त्याला तिथे सापडली, आणि 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने कांस्य आणले. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी आलेली ती पहिली भारतीय स्त्री. या दोघांनीही मेहनतीत कसूर केली नाही. पण मेहनत कशावर करायची, हे त्यांना वेळेत कळले.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत पाचवीपासून दरवर्षी सहाशे मीटरची एक धाव आणि एक लांब उडी मोजून घ्यावी. मुलामुलींची वेळ आणि अंतर वहीत उतरवावे. प्रत्येक शाळेतल्या पुढच्या चार-पाच मुलांना तालुक्याच्या एका मैदानावर जाणत्या प्रशिक्षकासमोर उभे करावे. गळितासाठी बीड-नगरकडून येणाऱ्या ऊसतोड कामगारांची मुले यातून वगळू नयेत. ती हंगामापुरती इथे असतात, म्हणून त्यांची नोंद त्यांच्या गावच्या शाळेकडे पाठवावी. साबळेचे मांडवा त्याच बीड जिल्ह्यात आहे. निवडलेल्या मुलांचा खुराक, बूट आणि प्रवास यांचा भार या भागातल्या साखर कारखान्यांनी उचलावा, तेवढी ताकद त्यांच्यात आहे. आणि मुलींच्या घरी जाऊन आईबापांशी बोलायला एक माणूस नेमावा, कारण चांगली धावणारी मुलगी दहावीनंतर मैदानावरून नाहीशी होते ती दम संपला म्हणून नव्हे.

यावर कोणी म्हणेल, एवढे करून किती ऑलिंपिकला जाणार? बहुतेक कोणी जाणार नाही. काही जण पोलीस भरतीत, सैन्यात, विद्यापीठाच्या संघात जातील. बाकीच्यांना निदान आपल्या अंगात काय आहे ते कळेल, आणि तो त्यांचा हक्क आहे. लताबाईंना तो साठीनंतर मिळाला. त्यांच्या सत्काराच्या शाली पुष्कळ झाल्या. त्यांचा मान खरोखर ठेवायचा असेल, तर पिंपळीच्या शाळेतल्या मुलीची धाव तिच्या अकराव्या वर्षी मोजली गेली पाहिजे. जूनमध्ये शाळा उघडतात. कामाला तिथूनच लागावे.