सहीच्या आधी नकाशा

मंडळी, गेल्या अंकातला मॉर्गेजवरचा लेख वाचून बऱ्याच जणांचे फोन आले. त्यातल्या निम्म्या लोकांना व्याजाच्या दराशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा प्रश्न असा, "नव्या डेव्हलपमेंटमध्ये घर बुक करतोय. शनिवारी काँट्रॅक्टवर सही आहे. अजून काही बघायला हवं का?" आम्ही विचारतो, "नकाशे पाहिलेत?" उत्तर ठरलेलं असतं, "हो, ब्रोशर आहे ना आमच्याकडे!"

ब्रोशर म्हणजे नकाशा नव्हे. एवढीच एक गोष्ट पटवून देण्यासाठी ह्या वेळचं सदर खर्ची घालायचं आम्ही ठरवलं आहे. आमचं पोट गेली वीसेक वर्षं नकाशांवरच भरतं आहे, तेव्हा थोडं अधिकारवाणीनं बोललो तर राग मानू नका.

ब्रोशरमधलं चित्र घर विकण्यासाठी काढलेलं असतं. त्यातला सोफा हवा तेवढा लहान काढता येतो आणि मग दिवाणखाना आपोआप मोठा दिसतो. खाली अगदी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की मापं अंदाजे आहेत आणि त्यात बदल होऊ शकतो. मॉडेल होमचीही तीच गत. तिथे जे जे डोळ्यांत भरतं त्यातलं बरंचसं ‘अपग्रेड’ असतं, म्हणजे त्याचे पैसे वेगळे. प्रत्यक्ष घर उभं राहतं ते वर्किंग ड्रॉइंग्जवरून. हा मोठ्या कागदांचा एक गठ्ठा असतो. त्यात पायाचा नकाशा, प्रत्येक मजल्याचा नकाशा, चारी बाजूंची एलिव्हेशन्स, घर उभं कापून दाखवणारं सेक्शन, फ्रेमिंग आणि इलेक्ट्रिकल, आणि सोबत तुमच्या जागेचा प्लॉट प्लॅन. प्रमाण बहुतेक पाव इंचाला एक फूट. परमिटसाठी टाउनशिपकडे हाच संच जातो, आणि सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन हाच संच समोर ठेवून काम करतात. सेल्स ऑफिसमधल्या बाईंनी गोड हसून "दॅट्स नो प्रॉब्लेम" म्हटलेलं त्यांच्यापैकी कुणाच्याही कानावर गेलेलं नसतं.

काँट्रॅक्टमध्ये ह्याच्याशी जोडलेली दोन कलमं हमखास सापडतात. एक म्हणजे, लेखी कराराबाहेरचं कुठलंही तोंडी आश्वासन ग्राह्य धरलं जाणार नाही. दुसरं, बिल्डरला समतुल्य दर्जाचा दुसरा माल वापरण्याची आणि जागेच्या गरजेनुसार नकाशात फेरफार करण्याची मुभा राहील. ही कलमं काढून टाकायला बिल्डर सहसा तयार होत नाही. पण नकाशाच्या संचाचा क्रमांक आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख काँट्रॅक्टमध्ये लिहून घ्या, आणि संचाची प्रत प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंची आद्याक्षरं करून जोडा, असं म्हणायला काय हरकत आहे? काही बिल्डर सांगतात की कॉपीराइट आहे, प्रत बाहेर देत नाही. ठीक आहे, मग तुमच्या ऑफिसात बसून दोन तास बघू द्या म्हणावं. तेही जमत नसेल तर आम्ही स्वतः त्या टेबलावर पेन काढणार नाही.

आता वाचायचं काय? मापांपासून सुरुवात करू. (इथे एम.एस. करायला आलो तेव्हा फूट-इंचांची सवय व्हायला आमचं अख्खं सेमिस्टर गेलं, म्हणून ह्या विषयावर आमचा विशेष राग आहे.) बऱ्याच नकाशांतली मापं लाकडी सांगाड्याच्या एका स्टडपासून दुसऱ्या स्टडपर्यंतची असतात. त्यावर दोन्ही बाजूंनी अर्ध्या-अर्ध्या इंचाचं ड्रायवॉल चढतं. बेडरूम इंचभर लहान झाली तर कुणाला कळतही नाही. पण फ्रिजसाठीचा कोनाडा ३६ इंच दाखवला असेल आणि ते माप सांगाड्याचं असेल, तर हातात ३५ इंच उरतात, आणि मोठे दुहेरी दाराचे फ्रिज पावणेछत्तीस इंच रुंद असतात! तेव्हा हे माप कुठून कुठपर्यंतचं आहे, हा प्रश्न न लाजता विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाची खोली, स्वयंपाकघर. अमेरिकन घराचा नकाशा काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फोडणी नसते. मॉडेल होममध्ये शेगडी मधल्या आयलंडवर मोठी झोकात दिसते, आणि वर धूर ओढायला काहीही नसतं. किंवा शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह असतो. त्याचा पंखा पुष्कळदा धूर जाळीतून गाळून परत आपल्याच तोंडावर सोडतो. आमच्या ओळखीच्या एका घरात तळलेल्या बांगड्याचा वास वरच्या मजल्यावरच्या कोटांपर्यंत पोचतो. आता त्या बाई मासे तळायला इलेक्ट्रिक शेगडी घेऊन गराजमध्ये उभ्या राहतात, जानेवारीतसुद्धा. घराची किंमत काय, हे विचारू नका.

म्हणून नकाशावर शेगडी शोधा आणि तिच्यापासून घराबाहेर जाणारी डक्टची रेघ आहे का ते बघा. नसेल तर हूडची हवा बाहेर सोडली जाईल असं स्पेसिफिकेशनमध्ये लिहून घ्या. शेगडी बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर काम सोपं आहे. ती मधल्या भिंतीवर किंवा आयलंडवर असेल तर फ्रेमिंगच्या पानावर जॉइस्ट, म्हणजे वरच्या मजल्याखालचे आडवे वासे, कुठल्या दिशेनं जातात ते बघावं लागतं. डक्ट दोन वाशांच्या मधून त्यांच्या बरोबरीनं जाऊ शकतो. वासे आडवे आले तर अडलं. साध्या लाकडाचा टू-बाय-टेन वासा प्रत्यक्षात सव्वानऊ इंच उंच असतो, आणि कोडप्रमाणे त्याला उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं भोक पाडता येत नाही, म्हणजे जेमतेम तीन इंच. हूडचा डक्ट असतो सहा इंचांचा किंवा त्याहून मोठा. जाळीदार ट्रस असतील तर वाट निघते, नाहीतर छपरापर्यंत सरळ वर जावं लागतं. हे सगळं आर्किटेक्टनं कागदावर सोडवायचं काम आहे. घर उभं राहिल्यावर आपण छताला भोकं पाडत बसायचं नव्हे. आणखी एक. मिनिटाला ४०० घनफुटांपेक्षा जास्त हवा ओढणारा दांडगा हूड घ्यायचा असेल, तर बऱ्याच ठिकाणी बाहेरून तेवढी ताजी हवा आत घेण्याची सोयही करावी लागते. ती नंतर बसवणं महाग पडतं, म्हणून आधीच विचारा.

दुसरी गोष्ट आई-बाबांची. एका स्नेह्यांचे वडील नाशिकहून सहा महिन्यांसाठी आले. खुब्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं. खालच्या मजल्यावर ‘स्टडी’ होती, तिथे पलंग टाकला. पण खाली फक्त पावडर रूम, आंघोळीची सोय वर. नऊ फुटी छताचा मजला म्हणजे चढायला साधारण सोळा पायऱ्या. आजोबांनी तीन आठवडे कसेबसे काढले आणि तिकीट बदलून परत गेले. पुन्हा यायचं नाव काढत नाहीत. त्या घराचा नकाशा आम्ही नंतर पाहिला. पावडर रूमच्या पाठीला पाठ लावून कोट ठेवायचं कपाट होतं. दोन्ही मिळून शॉवरपुरती जागा सहज निघत होती. सहीआधी हे पेन्सिलीनं रेघ मारण्याचं काम होतं. घर झाल्यावर मात्र काँक्रीट आणि भिंती फोडण्याचा आकडा ऐकून ते गृहस्थ गप्प बसले.

तेव्हा घरात वडीलधारी माणसं येणार असतील, आणि आपल्याकडे ती येतातच, तर खालच्या मजल्यावर पूर्ण बाथरूम मागा. दारांचे आकडे वाचायला शिका. नकाशावर ‘२८६८’ लिहिलं असेल तर दार २ फूट ८ इंच रुंद आणि ६ फूट ८ इंच उंच. असं दार उघडल्यावर वाट साधारण ३० इंचांची उरते. व्हीलचेअरसाठी ३२ इंच मोकळी वाट लागते, म्हणून त्या खोलीला आणि त्या बाथरूमला ‘३०६८’ दार घ्या. शॉवरच्या आणि कमोडच्या भिंतीत, ड्रायवॉलच्या आत, आडव्या फळ्या ठोकून घ्या, म्हणजे पुढेमागे हाताला धरायचा दांडा घट्ट बसेल. ह्या फळ्यांचा खर्च किरकोळ, पण ड्रायवॉल लागल्यावर त्या आत घालता येत नाहीत. तळघरात झोपायची खोली करायची असेल तर आगीच्या वेळी माणूस बाहेर पडू शकेल अशी खिडकी किंवा दार कोडप्रमाणे हवंच. तिथेही पुढे बाथरूम करायचा विचार असला तर पाइप फरशीखाली आत्ताच टाकून घ्या.

आता नकाशाची दिशा. तुमच्या प्लॉटवर बिल्डर पुष्कळदा नकाशा आरशात पाहिल्यासारखा उलटा करून बांधतो. आपल्याकडे म्हणतात की घर फिरलं की वासेही फिरतात. इथे ते शब्दशः खरं होतं. डावीकडचं गराज उजवीकडे जातं, पूर्वेची स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला. वास्तुशास्त्रावर आमचा किती विश्वास आहे हा वेगळा विषय. पण घरात ज्यांचा आहे त्यांना देवघराची दिशा सहीनंतर कळू नये, एवढं पाहा. शिवाय उत्तरेकडे तोंड असलेल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ लवकर वितळत नाही. हा अनुभव न्यू जर्सीत राहणाऱ्यांना आम्ही सांगायला नको. प्लॉट प्लॅनवर ‘ड्रेनेज ईझमेंट’ अशी तुटक रेघ मागच्या अंगणातून जात असेल, तर तिच्यावर डेक किंवा शेड बांधायला बहुधा मनाई असते. आणि जमिनीचा उतार घरापासून दूर जातो ना? कोडची अपेक्षा अशी की पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच खाली उतरावी.

विजेचं पान सगळे जण शेवटी बघतात, किंवा बघतच नाहीत. बेडरूमच्या छताला दिवा असेलच असं धरून चालू नका. भिंतीवरचं बटण नुसत्या एका प्लगला जोडलेलं असलं तरी कोडला चालतं. देवघर, मिक्सर, गराजमधला दुसरा फ्रिज, इलेक्ट्रिक गाडीसाठी २४० व्होल्टचा प्लग, ज्याला जे लागेल त्यानं ते मागून घ्यावं.

"पण वॉरंटी असते ना?" असं एका वाचकांनी विचारलं. असते. न्यू जर्सीत नव्या घरांच्या वॉरंटीचा कायदा १९७७ पासून आहे. त्याप्रमाणे कारागिरी आणि मालासाठी १ वर्ष, प्लंबिंग, वीज, हीटिंग वगैरेंसाठी २ वर्षं आणि सांगाड्यातल्या मोठ्या दोषांसाठी १० वर्षं. पण ती दोषांची वॉरंटी आहे. पावडर रूममध्ये शॉवर नाही हा दोष नव्हे, तुम्ही सही केलेला नकाशा आहे. टाउनशिपचा इन्स्पेक्टरही घर कोडप्रमाणे आहे का तेवढंच बघणार. आणि इथल्या घरखरेदीत ब्रोकरनं तयार केलेल्या काँट्रॅक्टला वकिलाकडून तपासून घ्यायचे तीन कामाचे दिवस मिळतात हे खरं, पण बिल्डरच्या स्वतःच्या वकिलानं लिहिलेल्या काँट्रॅक्टमध्ये ते कलम असेलच असं नाही. त्यामुळे नव्या घरासाठी वकील सहीच्या आधी गाठावा.

आम्ही स्वतः काय करतो ते सांगतो. रात्री जेवणं आटोपली की नकाशे टेबलावर पसरायचे, हातात पेन्सिल घ्यायची आणि त्या घरात एक आख्खा दिवस राहून बघायचा. सकाळी चहा ठेवला, दूध कुठून काढलं, मुलांच्या चपला-बूट कुठे पडले, किराणा गराजमधून किती दारं ओलांडून आत आला, पंधरा माणसं जेवायला आली तर पानं कुठे मांडली. हे घरातल्या सगळ्यांनी मिळून करावं. आमच्याकडे सगळ्यात नेमके प्रश्न ज्या व्यक्तीकडून येतात तिनं इंजिनिअरिंगचं पुस्तक कधी उघडलेलं नाही. एखादी खोली डोळ्यांसमोर येत नसेल तर सध्याच्या घराच्या जमिनीवर मास्किंग टेपनं तिचं माप आखा आणि त्यात उभे राहा. निघतील त्या दुरुस्त्या लिहून बिल्डरकडे पाठवा, किंमत लेखी मागवा, आणि त्या सुधारित नकाशावर दिसल्या की मगच शनिवारची वेळ घ्या. शनिवार पुढचाही चालतो.

पुढच्या अंकात सांगाडा उभा राहिल्यावर आणि ड्रायवॉल लागण्याआधी साइटवर जाऊन काय बघायचं, त्याविषयी लिहू. तोवर ज्यांच्या सह्या जवळ आल्या आहेत त्यांनी जरूर फोन करावा. फक्त रविवारी दुपारी नको, जेवणानंतर आमची झोपेची वेळ असते.