गेममध्ये पाऊस हवाच!

पहाटेचे साडेपाच. वाशीचं एपीएमसी मार्केट. तुमची-माझी झोप सगळ्यात गोड असते त्या वेळी इथल्या फळ बाजारात चक्क ट्रॅफिक जॅम असतो! हमालांचं ‘बाजू, बाजू’, पेंढ्याचा वास, हापूसच्या पेट्यांच्या थप्प्या... आणि या गोंधळात रत्नागिरीहून आलेल्या एका टेम्पोच्या फाळक्यावर लॅपटॉप ठेवून मी आणि माझा मावसभाऊ रेल्वेगाडी चालवत होतो.

सांगते. मावसभाऊ इथेच मसाला मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघतो. दिवसभर हळद-मिरचीची बिलं आणि रात्री ट्रेन सिम्युलेटर. हा प्रकार माहीत नसेल तर थोडक्यात फंडा असा, की तुम्ही इंजिन चालवायचं, सिग्नल पाळायचे, चढाला जोर द्यायचा, उताराला ब्रेक सांभाळायचा. बाकीची पोरं गेममध्ये माणसं मारतात, आमचे बंधुराज वेळेवर स्टेशनात पोचतात. लग्नाच्या बाजारात याला किती भाव मिळेल, हा मावशीचा प्रश्न आहे.

तर आता त्याला एका गेम कंपनीला नवा मार्ग सुचवायचा आहे. निसर्गरम्य, आणि डिझेल इंजिनाचाच. ‘‘तू मासकॉम केलंयस ना? मग मस्त दोन पानं लिहून दे,’’ अशी ऑर्डर. मोबदला : गावाहून येणाऱ्या आंब्यांतली अर्धी पेटी. फ्रीलान्सरला यापेक्षा बरं मानधन कोण देतं? मी हो म्हटलं.

मार्ग कुठला, हे सांगायला नकोच. कोकण रेल्वे! रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर. २६ जानेवारी १९९८ला हा मार्ग पूर्ण सुरू झाला. नव्वदहून जास्त बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास लहान-मोठे पूल. आमचा प्रस्ताव त्यातल्या चिपळूण ते वैभववाडी या टप्प्याचा. वाटेत उक्षीच्या पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरी सोडली की पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल. खिडकीत बसून वडापाव खाताना हा पूल आला की अख्खा डबा एका बाजूला येतो, हे तुम्ही पाहिलं असेलच.

‘‘पण डिझेलच का?’’ मी विचारलं.

‘‘कारण ते गेलं गं!’’ तो म्हणाला. मार्च २०२२मध्ये या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं आणि गाड्या टप्प्याटप्प्यानं विजेवर गेल्या. चांगलंच झालं, धूर कमी, डिझेलचा खर्च कमी. पण ज्यानं लहानपणी रत्नागिरी स्टेशनात उभं राहून इंजिनाची घरघर छातीत ऐकली, त्याचं काय? एकेक करत आठ नॉचपर्यंत चढणारा तो आवाज, बोगद्यात शिरल्यावर चहूबाजूंनी अंगावर येणारा... हे सगळं आता कुठे ऐकायचं?

त्यानं मग एक भारी उदाहरण दिलं. २००१मध्ये मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर आला, त्यात सहा मार्ग होते. भारतातला एकही नव्हता. पण जपानच्या क्युशू बेटावरचा हिसात्सु हा डोंगरातला डिझेल मार्ग होता. जुलै २०२०च्या महापुरात त्या मार्गावरचे कुमा नदीचे पूल वाहून गेले आणि मोठ्या टप्प्यावर गाड्या थांबल्या. गेममध्ये मात्र ती छोटी गाडी अजून त्या मार्गावर धावते. मी एकदम गप्प! टाइमपास म्हणून ज्याची टिंगल करत होते, ते तर म्युझियम निघालं.

एव्हाना टेम्पोचे ड्रायव्हर, म्हणजे मावशीच्या वाडीतले मामा, चहा घेऊन आले. रेल्वेशी त्यांची दोस्ती जुनी. पूर्वी गोव्याची भाडी मारताना त्यांनी ‘रो-रो’ सेवा खूप वापरली. ही सेवा १९९९पासून आहे. कोलाडला ट्रक मालगाडीवर चढवायचा, आपण केबिनमध्येच ताणून द्यायची आणि वेर्ण्याला उतरायचं. मामा स्क्रीनकडे बघत राहिले.

‘‘ह्यात पाऊस नाय?’’

‘‘आहे ना मामा, बटण दाबलं की पडतो.’’

‘‘तसा नाय रे. दरड येते काय?’’

आमच्या दोन पानांत हिरवे डोंगर होते, धबधबे होते, धुकं होतं. दरड नव्हती.

मामांचा धाकटा भाऊ पावसाळ्यात रुळांवर गस्त घालतो. ‘‘रात्रभर चालतो, ताई. अंगावर रेनकोट, हातात बॅटरी. कटिंगमध्ये दगड सुटलाय काय, माती आलीय काय, बघत जायचं. गाडी आली की बाजूला उभं राहून बत्ती दाखवायची. आतली सगळी झोपलेली असतात. त्याला कोण बघतंय?’’

मला २२ जून २००३ची रात्र आठवली. वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली आणि कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची खास गाडी घसरली. पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. तिथेही रुळांवर आलेले दगडच. आपण ज्याला ‘सीनिक’ म्हणतो तो डोंगर इंजिनातल्या माणसाला वेगळाच दिसत असणार.

म्हणून तर पावसाळ्यात या मार्गाचं वेळापत्रकच वेगळं असतं. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की ताशी ४० किलोमीटरनं चालवायचं, अशी चालकांना सूचना असते. पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजतात, चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या पुलावर पुराचा इशारा देणारी यंत्रणा आहे, स्टेशनांवर पर्जन्यमापक आहेत. आणि एवढं सगळं असूनही कुणीतरी बॅटरी घेऊन चालतंच.

आता बोला! आम्ही तिथेच, फाळक्यावर, प्रस्ताव बदलला. गेममध्ये वेळेवर पोचल्याचे गुण मिळतात ना? आमच्या मार्गावर जून ते ऑक्टोबर उशिरा पोचण्याचेही मिळावेत. पाऊस वाढला, समोरचं दिसेना, आणि खेळणाऱ्यानं स्वतःहून नॉच उतरवून गाडी चाळिशीवर आणली, तर शाबासकी. एकेरी मार्ग असल्यानं समोरच्या गाडीसाठी लूपमध्ये वाट बघावी लागेल, तीही निमूट बघायची. ऑफिसात डेडलाइन, हायवेवर ओव्हरटेक, लिफ्टचं बटण दहादा दाबणं... आपल्या पिढीला हे लेव्हल जमेल का, मला शंकाच आहे.

‘‘बोअर होईल लोकांना,’’ मावसभाऊ म्हणाला.

‘‘होऊ दे,’’ मामा म्हणाले, ‘‘पोचतील तरी.’’

सात वाजले. टेम्पो रिकामा झाला, मामा परत निघाले. अर्धी पेटी मांडीवर घेऊन मी तुर्भ्याहून लोकल पकडली. पनवेलच्या दिशेनं चौथं स्टेशन बेलापूर, कोकण रेल्वेचं मुख्यालय तिथेच. गाडी तिथे थांबली तेव्हा मी मोबाइलवर प्रस्तावाची शेवटची ओळ टाइप करत होते :

‘रात्रीच्या पावसात रुळांच्या कडेला बॅटरी घेतलेला एक माणूस दिसेल. त्याला हॉर्न न देता पुढे गेल्यास दहा गुण कापावेत.’