वृद्धांची ऊब: दान की हक्क?

थंडी सर्वांना सारखीच वाजते, असे आपण सहज बोलून जातो. परंतु ते खरे नव्हे. तरुण मनुष्य चार पावले धावला की त्याच्या अंगात ऊब येते. वृद्धाचे तसे नाही. वयाबरोबर शरीरातील उष्णता राखण्याची शक्ती क्षीण होते, इतकेच नव्हे, तर थंडीची जाणीवही मंद होते. आणि गारठा बोचण्यापूर्वीच आपले काम करू लागतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि हृदयविकार, पक्षाघात व फुप्फुसांचे विकार यांना वाट मोकळी होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत थंडीच्या दिवसांत घरातील तपमान निदान १८ अंश सेल्सिअस असावे, असे सांगितले. अर्थात वृद्धाच्या बाबतीत ऊब ही चैन मानता येत नाही. तिची गणना औषधातच केली पाहिजे.

मग हे औषध ज्याला परवडत नाही, त्याला ते कोणी द्यावे? मुलांनी, शेजाऱ्यांनी, की सरकारने? दिले तर सर्वांना द्यावे, की केवळ गरिबांना? या प्रश्नांवर इंग्लंडात अलीकडे मोठे वादळ उठले. त्या वादापासून आपणांसही पुष्कळ शिकण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते.

ब्रिटनमध्ये १९९७ च्या अखेरीस अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी वृद्धांसाठी हिवाळी इंधन-साहाय्याची योजना जाहीर केली. प्रारंभी ही रक्कम घरटी २० पौंड, आणि अत्यंत गरीब वृद्धांसाठी ५० पौंड, एवढीच होती. पुढे ती वाढून २०० पौंड झाली, व २००३ पासून ऐंशी वर्षांवरील वृद्धांसाठी ३०० पौंडांची तरतूद झाली. याखेरीज सलग सात दिवस सरासरी तपमान शून्य अंशावर वा त्याखाली गेले, तर गरजूंना २५ पौंड निराळे देण्याची व्यवस्था तेथे आहे. हिवाळी साहाय्याचा विशेष असा होता की, निवृत्तिवेतनाचे वय झालेल्या बहुतेकांना ते मिळे. मिळकत किती, हे कोणी विचारीत नसे, आणि पुष्कळांना त्यासाठी अर्जही करावा लागत नसे.

जुलै २०२४ मध्ये नव्या अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी तिजोरीतील तूट पुढे करून हे साहाय्य मुख्यतः अशांपुरते मर्यादित केले, की ज्यांना गरिबीमुळे सरकारकडून निवृत्तिवेतनाची पुरवणी मिळते. एक कोटीहून अधिक वृद्धांना मिळणारी रक्कम एकाएकी सुमारे पंधरा लाखांपुरती उरली. बचत होणार होती दीड अब्ज पौंडांच्या आसपास. परंतु लोकमत इतके खवळले की, जून २०२५ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. आता इंग्लंड व वेल्समध्ये ज्याची वार्षिक करपात्र मिळकत ३५,००० पौंडांपर्यंत आहे, त्या वृद्धाकडे ही रक्कम राहते. त्याहून अधिक मिळकत असणाऱ्याकडून ती कराच्या मार्गाने परत घेतली जाते.

मर्यादा घालणाऱ्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ज्याच्या बंगल्यात चार खोल्या रिकाम्या तापत असतात, त्या धनिकाला सरकारने २०० पौंड का द्यावेत? तो पैसा तरुण कष्टकऱ्यांच्या करांतूनच येतो ना? प्रश्न रास्त आहे. तथापि गरजू कोण, हे ठरविण्याची रीत चुकली म्हणजे न्यायाच्या नावाखाली अन्याय घडतो. पुरवणी मिळण्यास पात्र असलेल्या वृद्धांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक ती मागतच नव्हते. कोणाला ठाऊक नव्हते, कोणाला लांबलचक अर्ज झेपत नव्हता, आणि कोणाला आपले दारिद्र्य कागदावर लिहून देण्याची लाज वाटत होती. अर्जाची चाळणी लावताच धनिकांबरोबर हे मानी गरीबही गळाले. शिवाय पात्रतेच्या रेषेच्या किंचित वर असलेला वृद्ध तर दोहोंकडून गेला. त्याला ना पुरवणी, ना इंधन. आणि हे घडले केव्हा? युक्रेनवरील २०२२ च्या आक्रमणानंतर गॅसचे भाव भडकून गेल्यावर! ऑक्टोबर २०२१ मध्ये सामान्य कुटुंबाच्या गॅस व विजेच्या वार्षिक खर्चाची ठरीव मर्यादा १,२७७ पौंड होती. वर्षभरातच, सरकारने पदरचे पैसे घालूनही, ती २,५०० पौंडांवर गेली होती.

म्हणून आमचे मत असे की, आधी द्यावे व मागाहून ज्याला नको त्याच्याकडून परत घ्यावे, हाच मार्ग अधिक न्याय्य होय. श्रीमंताचा हिशेब कर-खात्याकडे असतोच. त्याच्याकडून वसूल करणे सोपे. उलट गरिबाला दारोदार शोधून काढणे कठीण, आणि तोवर हिवाळा निघून जातो. मात्र एवढ्याने काम संपत नाही. भिंतीतून व छपरातून ऊब निसटून जात असेल, तर दिलेला पैसा आकाशच तापवितो. घरे दुरुस्त करणे हा त्यावरचा कायमचा उपाय, आणि रोख साहाय्य हा तोपर्यंतचा आधार, असेच समजले पाहिजे.

विलायतेची ही चर्चा आपण कशाला करावी, असे कोणी म्हणेल. मुंबईकराने तसे म्हटले तर नवल नाही. परंतु आम्ही ग्वाल्हेरवासी! पौष-माघात येथील पारा कित्येकदा पाच अंशांखाली उतरतो. आपल्या घरांची उंच छते आणि फरशीची जमीन उन्हाळ्याला सोयीची, हिवाळ्याला वैरीण. ज्यांच्या घरी रजई आहे, सिगडी आहे, आणि सिगडीपुढे बसविणारी सून आहे, त्यांचे निभावते. पण एकट्या राहणाऱ्या म्हातारीचे काय?

आपल्याकडे गरीब वृद्धांना राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन मिळते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी योजना सुरू झाली तेव्हा केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. आज तो साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धास २०० रुपये व ऐंशीनंतर ५०० रुपये आहे. राज्ये त्यात आपली भर घालतात. परंतु या रकमेत जानेवारीचा महिना मे महिन्यासारखाच धरलेला आहे. थंड जिल्ह्यांतील या वृद्धांना मार्गशीर्षापूर्वी एक जास्तीचा हप्ता, निराळा अर्ज न मागता, त्यांच्या खात्यात जमा व्हावा, अशी आमची सूचना आहे. नावे सरकारदप्तरी आहेतच.

माता-पित्यांना सांभाळणे हे मुलांचे कर्तव्य आहे, सरकारचे नव्हे, असा आक्षेप येईल. कर्तव्य आहे, यात शंका नाही. २००७ च्या कायद्याने तर ते बंधनकारकही केले आहे. पण ज्यांना मुले नाहीत, ज्यांची मुले स्वतःच मजुरीवर जगतात, आणि जी आई मुलाविरुद्ध दाद मागण्यापेक्षा कुडकुडणे पत्करते, त्यांना कायद्याची ऊब कशी मिळावी? आणि देश गरीब आहे, असे म्हणावे, तर एका चांगल्या कांबळीच्या किमतीएवढा वार्षिक हप्ता हा काही राष्ट्राला बुडविणारा खर्च नव्हे.

सरकार करील तेव्हा करील. आम्हां विद्यार्थ्यांनाही हात आहेत. आपल्या गल्लीत कोण वृद्ध एकटे राहतात, याची प्रत्येकाने नोंद ठेवावी. नोव्हेंबरात निवृत्त सेवकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पटत नाहीत, तेव्हा त्यांच्याबरोबर कचेरीत जावे. आजीआजोबांना एक गोष्ट तर अवश्य सांगावी, की दारे-खिडक्या बंद करून कोळशाची सिगडी उशाशी ठेवून निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो व तो झोपेतच प्राण घेतो.

ज्यांनी आयुष्यभर या नगराच्या शाळा, गिरण्या आणि घरे चालविली, त्यांचे आपण देणेकरी आहोत. देणे फेडताना सावकाराने हात पसरावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. वृद्धांच्या ऊबेचा विचारही याच न्यायाने व्हावा, आणि तो पुढच्या थंडीच्या आत व्हावा, अशी आमची मागणी आहे.