मीटर जरूर लावा, पण आधी जागा ठरवा

मे महिन्याच्या भर दुपारी कसारा घाट चढताना माझ्या गाडीतला जास्तीचा टेंपरेचर मीटर डॅशबोर्डवरून सुटला. दुकानात बसवून घेतला होता, नुसत्या दुतोंडी टेपवर, खाली कसलाही आधार नाही. उन्हाने टेपचा गोंद मऊ पडला, वळणावर मीटर घसरला आणि वायरीला लटकत थेट माझ्या पायांशी आला. पुढे भरलेला ट्रक होता. ब्रेक दाबायच्या आधी मी तो डाव्या पायाने बाजूला लोटला, म्हणून निभावलं. पॅडलच्या मागे अडकला असता तर काय झालं असतं, ते इगतपुरीला गाडी उभी केल्यावर कळलं आणि बराच वेळ हात थरथरत होते.

तरीही मीटर लावू नका असं मी कुणाला सांगणार नाही. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत टेंपरेचरचा काटाच नसतो. इंजिन थंड असेल तर निळा दिवा, तापलं की लाल. काटा असला तरी तो अनेकदा मुद्दाम मधोमध खिळवून ठेवलेला असतो, आत दहा-पंधरा अंशांचा फरक पडला तरी हलत नाही. लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. हेड गॅस्केट गेलं की पुढचं काम हजारांत जातं. आकडा डोळ्यांसमोर असला की 92 चे 100, 100 चे 106 होताना दिसतात, आणि एसी बंद करून गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. एक मात्र ध्यानात ठेवा. पाइप फुटून सगळं कूलंट वाहून गेलं, तर सेन्सर कोरडा पडतो आणि आकडा खाली आलेला दिसू शकतो. चढावर आकडा एकाएकी उतरला तर गाडी थांबवा. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका.

आता जागेचं. पुढच्या काचेच्या कडेचा जो खांब असतो, त्याच्यावर बसणारे गोल मीटरचे साचे बाजारात मिळतात. दिसायला छान, नजरेच्या रेषेत. पण ज्या गाड्यांत पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग आहेत, त्यांत ती पिशवी छताच्या कडेने घडी घालून ठेवलेली असते आणि तिचं पुढचं टोक याच खांबाच्या कव्हरामागे बांधलेलं असतं. धडक बसली की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत ती बाहेर येते. वाटेत मीटर असेल तर तो तुमच्या कानशिलावर येणार. खांबाच्या कव्हरावर ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ असं उठावात लिहिलेलं आहे का, ते आज संध्याकाळीच बोट फिरवून बघा. असेल तर तिथे स्क्रू नको, टेप नको, कव्हर ओढून वायर घुसवणंही नको. पिवळ्या वेष्टणातली वायर आणि पिवळे कनेक्टर दिसले तर हात मागे घ्या. त्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात.

डाव्या सीटसमोरच्या डॅशबोर्डच्या माथ्यालाही हेच लागू. तिथून दुसरी पिशवी वर उघडते. आपल्याकडे त्या जागेवर श्रद्धेने देवाची मूर्ती चिकटवतात. तीसुद्धा तिथून हलवून सुरक्षित जागी न्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्टिअरिंगखाली, गुडघ्यांसमोर, टोकदार काही नको. काचेवर रस्ता झाकणारं काही नको.

मग उरतं काय? माझ्या अनुभवात मधल्या पॅनेलवरचा नाण्यांचा कप्पा, बटण नसलेल्या जागची आंधळी झाकणं, जुन्या गाडीत अ‍ॅश-ट्रेची जागा, किंवा स्टिअरिंगच्या मागच्या मीटरशेजारची सपाट पट्टी. जागा पक्की करायच्या आधी बिस्किटाच्या पुठ्ठ्यातून मीटरच्या मापाची चकती कापा. गोल मीटर बहुधा 52 किंवा 60 मिलिमीटरचे असतात. चकतीवर स्केचपेनने मोठा आकडा लिहा, कागदी टेपने लावा आणि आठवडाभर गाडी चालवा. ताशी 60 च्या वेगाने दोन सेकंद नजर रस्त्यावरून हटली की गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते. आकडा वाचायला मान वळवावी लागत असेल, किंवा तिसरा गिअर टाकताना हात आड येत असेल, तर ती जागा सोडा. या एका आठवड्यात मी स्वतः दोन जागा बदलल्या.

गाडीचं मूळ पॅनेल कापू नका. तेच झाकण किंवा कप्पा जुन्या सुट्या भागांच्या बाजारात स्वस्तात मिळतं. मी कुर्ल्याला जाऊन मिळवलं. मूळ भाग कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा, गाडी विकताना परत बसेल. भोक पाडायला ड्रिलला लावायचा गोल करवतीचा कटर घ्या आणि ड्रिल अगदी सावकाश चालवा. वेग वाढला की प्लॅस्टिक कापलं जायच्या ऐवजी वितळतं आणि कडेला गुठळ्या धरतं. भोक एक मिलिमीटर लहानच पाडा, मग अर्धगोल कानशीने थोडं थोडं वाढवत न्या. मीटर हाताने दाबून घट्ट बसला पाहिजे. मागून पट्टी आणि नट लावून तो आवळा, म्हणजे टेपवर भार राहणार नाही. टेप वापरायचीच असेल तर फोमची चांगली दुतोंडी घ्या, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करा, दाबून चिकटवा आणि तीन दिवस तिच्यावर वजन देऊ नका. पूर्ण पकड यायला 72 तास लागतात. बंद गाडीत उन्हाळी दुपारी डॅशबोर्ड किती तापतो ते हात ठेवला की कळतं, म्हणून आत लिथियम बॅटरी असलेलं उपकरण तिथे ठेवू नका.

वायरिंग सरावाच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण शेजारी उभे राहा. वायर सोलून नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळायला लागला तर तिथेच थांबवा. किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवरून, फ्यूज बॉक्समधून, वेगळा लहान फ्यूज टाकून करंट घ्या. अर्थची वायर रंग खरवडलेल्या पत्र्यावर, थिंबल लावून. इंजिनकडून आत येणारी वायर रबरी ग्रोमेटमधूनच आली पाहिजे. पत्र्याच्या कडेला घासत राहिली तर इन्सुलेशन जातं. ऑइल प्रेशर बघायचा असेल तर वायरवर चालणारा सेन्सरच घ्या. गरम तेलाची बारीक नळी केबिनमध्ये आणणारे जुन्या धर्तीचे मीटर नकोच.

भारत स्टेज-4 च्या गाड्यांना एप्रिल 2013 पासून गाडीच्या संगणकातले आकडे बाहेर देणारं ओबीडी-2 सक्तीचं झालं. त्यामुळे बऱ्याच जणांना वायर कापायचीही गरज नाही. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात ओबीडी मीटर जोडला की आकडे मिळतात. पण त्या सॉकेटातली सोळावी पिन थेट बॅटरीची आहे, किल्ली काढली तरी जिवंत. उपकरण नुसतं 50 मिलिअँपिअर ओढत राहिलं, तरी दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची बॅटरी साधारण 35 ची. गणपतीला गावी जाऊन तीन आठवड्यांनी परतलात तर गाडी ढकलावी लागेल. मोठ्या मुक्कामाला निघताना ते काढून ठेवा. आणि त्याची केबल पॅडलच्या वर लोंबती ठेवू नका, केबल टायने डॅशबोर्डच्या खालच्या पट्टीला बांधा. मला या एका गोष्टीची फार भीती वाटते.

रात्री पार्किंग लाइट लावला की मीटरचा उजेड आपोआप मंद होईल अशी जोडणी मागा. अंधाऱ्या रस्त्यावर त्याचं निळं प्रतिबिंब काचेत पडलं, तर समोरचा बिनलाइटचा ट्रॅक्टर उशिरा दिसतो.

सगळं बसल्यावर मोकळ्या मैदानात गाडी ताशी 30 वर नेऊन तीन-चारदा कचकन ब्रेक मारा. मीटर, केबल, कव्हर, काहीही जागचं हललं तर गाडी घाटात नेऊ नका, पुन्हा उघडून बघा. कुठली वायर कुठून घेतली, फ्यूज किती अँपिअरचा, हे वहीच्या पानावर लिहून गाडीच्या कागदांसोबत ठेवा. रात्री-अपरात्री रस्त्यात गाडी बंद पडली, की टॉर्चच्या उजेडात तेच पान अनोळखी मेकॅनिकच्या हातात द्यायचं आहे.