सांत्वन करणाऱ्यांचा थकवा

मुंबईत वांद्र्याला १९८६ साली 'शांती आवेदना सदन' सुरू झाले. देशातील हे पहिले हॉस्पिस. बरा होण्याच्या पलीकडे गेलेल्या कर्करुग्णाला अखेरच्या दिवसांत वेदनांपासून आराम आणि माणसांची सोबत मिळावी, हा अशा संस्थांचा उद्देश. रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या दुःखाबद्दल आपण आता थोडेफार बोलू लागलो आहोत. पण वॉर्डातला मृत्यू पाहून घरी जाऊन स्वयंपाकाला लागणाऱ्या परिचारिकेचे आणि रुग्णाचे अंग पुसणाऱ्या मावशींचे काय, हे क्वचितच कोणी विचारते.

जागतिक आरोग्य संघटनेने 'बर्नआउट'ला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही, की होणारा तो परिणाम, अशी तिची व्याख्या आहे. त्याच्या खुणा तीन : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल तुटकपणा येणे आणि 'माझ्या हातून काही होत नाही' ही भावना. हॉस्पिसमध्ये रुग्ण बरा होऊन घरी जाण्याचा आनंद सहसा नसतो, म्हणून ही तिसरी भावना तिथे लवकर घर करू शकते.

ध्यानाचा इथे उपयोग होतो का? जर्मनीत उपशामक उपचार करणाऱ्या २८ कर्मचाऱ्यांना दहा आठवडे कामाच्या ठिकाणीच ध्यान शिकवण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भावनिक थकवा आणि चिंता कमी झाल्याचे दिसले. अभ्यास लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे याला आशादायक खूण म्हणावे, शिक्कामोर्तब नव्हे.

तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या संशोधनातून आणखी एक उपयुक्त गोष्ट कळते. दुसऱ्याची वेदना स्वतःच्या अंगावर घेण्याचा सराव केला, की मन खचते. तीच वेदना पाहताना 'याला बरे वाटो' या सद्भावनेचा सराव केला, की मन सावरते. पहिल्यात आपण रुग्णाबरोबर बुडतो, दुसऱ्यात काठावर पाय रोवून हात देतो. ध्यान शिकवताना हा फरक सांगायला हवा. नुसते 'डोळे मिटून शांत बसा' म्हणणे पुरेसे नाही.

पद्धत साधी असावी. पाळी बदलताना दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन बसणे, ही चांगली सुरुवात आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी रुग्ण दगावल्यावर सर्वांनी खाटेभोवती क्षणभर मौन पाळण्याची प्रथा सुरू केली. गेलेल्या माणसाला आणि झटलेल्या हातांना दिलेला तो मान असतो. याला ना पैसे लागतात, ना धर्म आड येतो. इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाणे चांगलेच. पण कंत्राटी मावशींना तेवढी रजा कोण देणार?

खरा मुद्दा इथेच आहे. एका परिचारिकेकडे तिघींचे काम सोपवायचे, सलग रात्रपाळ्या लावायच्या आणि रविवारी ध्यानाचे शिबिर भरवायचे, ही त्यांची थट्टा आहे. ताण व्यवस्थेने निर्माण करायचा आणि तो पचवण्याची जबाबदारी मात्र कर्मचाऱ्यावर टाकायची, हे वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे. ध्यानाने मन सावरते. रिकाम्या जागा त्याने भरत नाहीत.

म्हणून ध्यानाची वेळ ड्युटीत धरावी, सक्ती नसावी आणि मावशी-वॉर्डबॉय यांनाही त्यात जागा असावी. पुरेसे मनुष्यबळ आणि हक्काची साप्ताहिक सुट्टी ही पहिली अट समजावी. झोप उडाली असेल, सतत उदास वाटत असेल किंवा जगणे नकोसे झाले असेल, तर ध्यानावर विसंबू नये. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे किंवा 'टेलिमानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.

उद्या आपल्यापैकी कुणाच्या तरी उशाशी हीच माणसे असणार आहेत. त्यांचा हात तेव्हा उबदार राहावा असे वाटत असेल, तर त्यांच्या विश्रांतीची सोय आजच करायला हवी.