‘चेकिंग फुकट’ ही पाटी आधी उतरवा



गॅरेज टाकायचंय म्हणणारी दोन-चार मुलं मला प्रत्येक बॅचमध्ये भेटतात. कोणी आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा कोर्स केलेला, कोणी मामाच्या गॅरेजमध्ये चार वर्षं पाने फिरवलेला. गाळ्याचं डिपॉझिट, लिफ्ट, कंप्रेसर, सगळा हिशेब वहीत तयार असतो. मी एकच विचारतो. गिऱ्हाईक येऊन म्हणालं, "गाडी आयडलला थरथरते, सिग्नलला बंद पडते," तर पैसे कशाचे घेणार? उत्तर ठरलेलं: "जो पार्ट बदलेन त्याचे, वर लेबर." आणि बिघाड शोधायचे? "ते फुकटच असतं ना सर."

माझं भांडण नेमकं इथे आहे.

माझ्याच गाडीचं सांगतो. सीएनजीवरची हॅचबॅक. सकाळी घाटकोपरहून एलबीएस मार्गाने मुलुंडला जायचो. त्या रस्त्यावर गाडी चालते कमी आणि उभी जास्त राहते, त्यामुळे आयडलचं दुखणं लपत नाही. गाडी थरथरायची, आरपीएमचा काटा खाली यायचा, दोनदा तर भर सिग्नलला बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. घराजवळच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी पेट्रोलवर करून बघितली, तर ठीक. गॅसवर केली की थरथर. "गॅसवर त्रास आहे म्हणजे रिड्यूसर गेला," असं म्हणून रिड्यूसर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली आणि नऊ हजारांचं बिल हातात दिलं. चार दिवसांनी गाडी पुन्हा तशीच.

मग भांडुपच्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याने बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "थंड असताना होतं की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर वाढतं का? प्लग किती किलोमीटरला बदललेत?" तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने प्लग काढले. गॅप वाढलेला, टोकं झिजलेली. पेट्रोलवर तोच प्लग कसाबसा निभावून नेतो, पण गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे कमजोर प्लग आधी सीएनजीवर उघडा पडतो. पहिल्या गॅरेजने केलेली तपासणी चुकीची नव्हती, ती अर्धवट सोडली होती. चार नवे प्लग बसवले आणि गाडी शांत झाली.

त्याने घेतले प्लगचे पैसे आणि दोनशे रुपये लेबर. "चेकिंगचे?" मी विचारलं. "त्याचे काय घ्यायचे साहेब!"

ज्याला बिघाड सापडला नाही त्याला नऊ हजार, ज्याला सापडला त्याला दोनशे. गेल्या वर्षी त्या माणसाने गाळा सोडला. आता ॲपवर टॅक्सी चालवतो. मला याचं वाईट वाटतं, आणि थोडा रागही येतो, त्याच्यावरच.

कारण फुकट चेकिंगचा हिशेब असा आहे की, पार्ट विकला तरच तुमची चूल पेटते. मग प्रामाणिक माणसाचा हातसुद्धा नकळत महाग पार्टकडे जातो. शोधायला वेळ लागतो, वेळेचे पैसे नाहीत, म्हणून अंदाजाने बदलून बघायचं आणि त्या अंदाजाचे पैसे गिऱ्हाइकाने भरायचे.

आयडलचं उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण लक्षण एक आणि कारणं दहा. बहुतेक पेट्रोल गाड्या गरम झाल्यावर ७०० ते ८५० आरपीएमच्या आसपास स्थिर राहतात. आधी काटा बघा. काटा स्थिर आहे आणि तरी केबिन हलतंय, तर इंजिन माउंटिंगही बघा, लगेच कॉइलला हात लावू नका. काटाच नाचतोय तर पेट्रोल आणि गॅस दोन्हीवर करून बघा. दोन्हीवर तीच तऱ्हा असेल तर हवा, ठिणगी किंवा खुद्द इंजिन. फक्त गॅसवर असेल तर आधी प्लग आणि कॉइल, मग गॅसचा फिल्टर, इंजेक्टर, रिड्यूसर. आणि हो, गॅसच्या लाइनला हात लावायचा तर अधिकृत माणसाकडूनच. सिलिंडरमध्ये २०० बारचं प्रेशर असतं, तिथे जुगाड नको.

फक्त पेट्रोलवर बिघडत असेल तर मालकाला विचारा, टाकीत पेट्रोल किती ठेवता? आपल्याकडे एक काडी पेट्रोल ठेवून वर्षभर गॅसवर फिरणारे खूप. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. जुनं पेट्रोल इंजेक्टरमध्ये चिकटतं ते वेगळंच.

फाटक्या रबरी पाइपमधून चोरून आत जाणारी हवा तर सगळ्यांना गंडवते. ज्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर असतो, तिथे स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा. आयडलला तो वीस-पंचवीस टक्के वर आणि २,५०० आरपीएमला जवळपास नॉर्मल, असं दिसलं तर गळती शोधायला लागा. ज्या गाड्या मॅनिफोल्डच्या प्रेशरवरून हवेचा अंदाज घेतात, तिथे उलट आयडलच वर चढलेला दिसतो. हे माहीत नसेल तर स्कॅनर असूनही माणूस आंधळा. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर अनेक गाड्यांना आयडल पुन्हा शिकवावा लागतो, तेही विसरू नका. नाहीतर साफ करून गाडी आणखी बिघडवली, असं नाव तुमचंच.

जुन्या उस्तादांना यातलं काही लागत नव्हतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी, तिचा कार्बोरेटर, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि कान. स्क्रू अर्धा फेरा फिरवला की आयडल जागेवर. तिथे शोधणं आणि दुरुस्त करणं एकच काम होतं, म्हणून वेगळे पैसे मागायची वेळ आली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. स्क्रू गेला, आयडल आता ईसीयू ठरवतो, पण रेटकार्ड अजून पद्मिनीच्या जमान्यातलंच आहे.

आता आकडे. समजा भाडं, हेल्पर, लाइट मिळून महिन्याला ४५,००० जातात. २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. तासाला २२५ रुपये, आणि तेही प्रत्येक तास विकला गेला तर. सुरुवातीला निम्मेच विकले जातात, म्हणजे ४५०. यात तुमचा पगार नाही. पाऊण तासाच्या तपासणीत ३४० रुपये निव्वळ खर्चाचे गेले. म्हणून पाचशे रुपये मागा. लाजू नका.

"आमच्या एरियात कोण देणार?" हे मला बोरिवलीतही ऐकवतात आणि मुलुंडमध्येही. अहो, तोच माणूस फ्रिजवाल्याला व्हिजिट चार्ज देतो की नाही? फ्रिजवाला फोनवरच सांगून टाकतो, म्हणून देतो. तुम्ही बॉनेट बंद केल्यावर सांगितलंत तर भांडण होणारच. आधी सांगा, बोर्डावर लिहा.

काही ट्रेनर सांगतात, काम मिळालं तर फी बिलातून वजा करा. मला हे पटत नाही. वजा केलीत की पुन्हा काम काढायची घाई मागे लागते, आणि तीच तर आपल्याला सोडवायची आहे. सुरुवातीला चार गिऱ्हाइकं परत जातील, हे मान्य. गाळ्याचं भाडं त्यांच्यासाठी थांबत नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून पहिल्या तीन महिन्यांचं भाडं हाताशी ठेवूनच सुरू करा.

आणि पाऊण तासात बिघाड सापडलाच नाही तर? तरी फी घ्यायची, पण मोकळ्या हाताने पाठवायचं नाही. एका कागदावर लिहून द्या: पेट्रोलवर आरपीएम इतका, गॅसवर इतका, प्लगचा गॅप इतका, फ्युएल ट्रिम इतका, हे-हे तपासलं, हे राहिलं. खाली सही, तारीख, किलोमीटर. तो कागद घेऊन तो दुसऱ्या गॅरेजमध्ये गेला तरी चालेल. जाऊ द्या.